उगवलं का?

'प्रिय पालक' या दोन शब्दांनी सुरू होणाऱ्या मेसेजच्या पोटात खर्च असतो, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ झालं आहे. नातीच्या बालवर्गाचा असा मेसेज जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. वनमहोत्सवानिमित्त प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने कुंडीत बी पेरावं, रोज निगा राखावी आणि महिनाअखेरच्या प्रदर्शनात आपलं रोप घेऊन यावं. खाली ठळक अक्षरांत सूचना होती : 'कृपया पालकांनी मदत करू नये.' ती वाचून सगळे पालक ताबडतोब मदतीला लागले.

लागले म्हणजे त्यांनी मला कामाला लावलं. पालकांना ऑफिस असतं, मीटिंगा असतात, आणि घरून काम असेल त्या दिवशी तर पेलाभर पाणी प्यायलाही सवड नसते. आमच्या इमारतीतून त्या बालवर्गात जाणारी मुलं पाच आणि दिवसा घरात सापडणारे धडधाकट निवृत्त पुरुष दोन. त्यांतले दुसऱ्या मजल्यावरचे भाई दुपारी साडेतीनपर्यंत शेअर बाजारात असतात, देहाने आरामखुर्चीत. उरलो मी. त्यातून माझी हयात बँकेच्या शेतीकर्ज विभागात गेलेली. त्यामुळे मला शेतीतलं सगळं कळतं, असा सोसायटीचा ठाम समज. शेतीकर्ज विभागात शेत दिसत नाही, सातबारा दिसतो. मी विहिरींना कर्जं दिली, पण एकाही विहिरीत कधी वाकून पाहिलं नाही. ट्रॅक्टर पाहिले ते जप्तीत उभे असलेले. हे मी सेक्रेटरींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "काका, एवढा विनय बरा नाही. पाच कुंड्या आणि पाच मुलं. त्यात काय आहे?"

कशालाही हात घालण्याआधी फाइल वाचायची, ही बँकेची सवय. म्हणून मी आधी वाचून घेतलं. लहान मुलांना बागेत जुंपायची कल्पना फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन गृहस्थांची. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांसाठी संस्था काढली. त्यांच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे आणि भोवताली सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे. सामायिक म्हटल्यावरच मी ओळखलं, या माणसाने हाउसिंग सोसायटी पाहिलेली नाही. पुढे १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने असल्या बालोद्यानांवर चक्क बंदी घातली. सरकारची फ्रोबेल आणि त्यांचा जहाल विचारांचा पुतण्या यांच्यात गल्लत झाली, असं इतिहासकार म्हणतात. मला वाटतं, मंत्रिमहाशयांच्या घरी कुंड्या असाव्यात.

आपल्याकडे तर या विषयातली थोर माणसं आमच्या हाकेच्या अंतरावर होऊन गेली. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं. पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बोर्डी आणि कोसबाडला काम उभं केलं. पानं, बिया, खडे, शंखशिंपले अशा फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. आमच्या मुलांसाठी 'छोटा माळी संच' ऑनलाइन आला. त्यात एक गुलाबी खुरपं होतं, ते श्रीखंडातही वाकलं असतं. एक झारी होती, तिच्या तोंडाला भोकं पाडायची राहिली होती. आणि एक टोपी होती. सोसायटीने काटकसर म्हणून संच एकच मागवला होता. पाच मुलांत एक टोपी. बागकामाचा पहिला तास टोपीत गेला.

शिवाय माटुंग्यात राहून झाड न जगवणं म्हणजे वाडवडिलांच्या नावाला बट्टा. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराबाहेर मोकळ्या हवेत हा दादर-माटुंग्याचा भाग आखला. ट्रस्टचे इंजिनिअर मंचरजी जोशी यांनी पारशी कॉलनी वसवताना रस्त्यारस्त्यावर वेगवेगळ्या जातीची झाडं लावून घेतली. फाइव्ह गार्डन्सला आज त्यांचंच नाव आहे. मंचरजींच्या हाताखाली चार वर्षांची माणसं नव्हती, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. वनमहोत्सव सुरू केला तो केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी, १९५० साली. तेव्हापासून देश दर जुलैत झाडं लावतो आहे. ती सगळी जगली असती, तर किंग्ज सर्कलहून दादरला जाताना वाघ आडवा आला असता.

आता माझ्या हाताखालच्या मंडळींची ओळख करून देतो. नावं सांगत नाही, कारण पुढे त्यांचे अर्ज कुठे कुठे जायचे आहेत. माझी नात ही वकील. तिला कुठलंही उत्तर द्या, ते तिच्या पुढच्या प्रश्नाचा पुरावा होतं. भाईंचा नातू हा कंत्राटदार. त्याला पेरण्यात रस नाही, उगवण्यात नाही, फक्त खणण्यात आहे. एक खड्डा पुरा झाला की तो न बुजवता पुढचा घेतो, म्हणजे मुंबईत त्याच्या पोटापाण्याची काळजी नाही. पहिल्या मजल्यावरच्या मामींचे जुळे नातू म्हणजे पाणीखातं. एकाने झारी घेतली की दुसरा बादली घेतो. आणि तळमजल्यावरचा चष्मेवाला, तो इन्स्पेक्टर. तो फारसा बोलत नाही. तपासतो.

बी कुठलं लावायचं, यावर जिन्यात सभा झाली.

"साहेब, मेथी टाका," भाई म्हणाले. "तीन दिवसांत रिटर्न."

"मूग टाका," मामी म्हणाल्या. "नाही उगवलं तर सुंडल होतं."

आमच्या सूनबाईंनी राजमा सुचवला, कारण इंटरनेटवर सगळे राजमाच लावतात. इन्स्पेक्टरच्या आईने अवोकाडो सुचवला. सभेत शांतता पसरली. अवोकाडोच्या बीला नुसतं मूळ फुटायलाच महिना-दीड महिना लागतो आणि प्रदर्शन तर याच महिन्याच्या अखेरीला आहे, हे मी नम्रपणे मांडलं.

"आमचा लवकर करेल," त्या म्हणाल्या. "त्याला दातसुद्धा लवकर आले होते."

यापुढे कृषिशास्त्राचं काही चालत नाही. ज्याला जे हवं ते, असं ठरलं. वकिलाला राजमा, इन्स्पेक्टरला अवोकाडो, कंत्राटदाराला मेथी, आणि जुळ्यांच्या कुंड्या ओळखू याव्यात म्हणून एकाला मूग, दुसऱ्याला धने. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात; लाटण्याने हलकेच रगडून त्यांच्या फाका करून पेरायच्या. जुळ्यांनी हे काम फार मन लावून केलं, 'हलकेच' एवढं सोडून. त्या कुंडीत धने कमी आणि धनेपूड जास्त पेरली गेली.

इमारतीच्या मागच्या बाजूला, नळाजवळ, कुंड्या मांडल्या. लाल माती आली, शेणखत आलं, गांडूळखत आलं. गांडूळखताच्या पिशवीत एक खरंखुरं गांडूळ निघालं आणि त्या दिवसाचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. जुळ्यांना ते अर्धं अर्धं हवं होतं. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, ही माहिती त्यांना कोणीतरी पुरवली होती. ती खोटी आहे हे पटवण्यात माझा घसा बसला. तोवर वकिलाने विचारलं, "याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" ते मला येत होतं. गांडुळाच्या अंगावर एक फिकट पट्टा असतो, तो ज्या टोकाला जवळ, ते तोंडाचं. मी ऐटीत सांगितलं. "मग त्याला दात कुठे आहेत?" दात नसतात म्हटल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा झालंय ते."

मग कोणीतरी माती खाल्ली. वाक्प्रचारात नव्हे, मुठीने. त्याच्या आईने वरच्या खिडकीतून किंकाळी फोडली आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर माटुंग्यातलेच, तीन पिढ्यांना ओळखणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुंडीत पुरेशी उरली आहे ना?"

पेरणी झाली. हात धुतले गेले, म्हणजे पाणी तेवढं वापरलं गेलं. आणि खरा छळ सुरू झाला.

"आजोबा, झाड कधी येणार?"

"आठवड्याने."

"आठवड्याने म्हणजे जेवल्यावर?"

"नाही गं. खूप वेळा झोपून उठल्यावर."

"दुपारची झोप धरून?"

मी बेसावधपणे हो म्हटलं. वकील वर गेली, पलंगावर आडवी झाली, डोळे घट्ट मिटले, उघडले आणि खाली आली. "उगवलं का?" परत वर. परत डोळे मिटले. परत खाली. संध्याकाळपर्यंत तिच्या हिशेबाने आठवडा उलटून गेला होता आणि राजमा करार मोडत होता.

इन्स्पेक्टरने असला वेळ काढला नाही. तो सरळ कुंडीत बोटं घालायचा, बी बाहेर काढायचा, शर्टाला पुसायचा, चष्म्यापाशी धरायचा, आणि "झोपलंय" असा शेरा मारून अदबीने परत पुरायचा. स्वतःचं बी तपासून झालं की शेजारचं. पाचही कुंड्यांवर त्याची अशी गस्त चाले. एकदा त्याने राजमा काढला, तेव्हा मीसुद्धा वाकून पाहिलं. बी फुगून दुप्पट झालं होतं, साल सुरकुतली होती, आणि बाजूच्या पांढऱ्या डोळ्यापाशी ती फाटून आतून एक ओलं, पांढरं टोक बाहेर आलं होतं. तांदळाच्या कणीपेक्षा मोठं नसेल. "आलं!" मी ओरडलो. इन्स्पेक्टरला माझा आनंद पाहून आनंद झाला. त्याने ते टोक सगळ्यांना दाखवायला नेलं. आधी जुळ्यांना, मग वॉचमनला, मग पहिल्या मजल्यावर मामींना. परत येईपर्यंत टोक कुठेतरी जिन्यात राहिलं होतं.

मी त्याला समजावलं, "बाळा, असं सारखं सारखं उकरून बघायचं नसतं. बी मरतं त्याने."

हे ऐकून आरामखुर्चीतले भाई मान डोलावत म्हणाले, "बरोबर आहे. पेशन्स पाहिजे." आणि मोबाइल उघडून त्यांनी आपले शेअर बघितले. मघाशी बघितल्याला मिनिट झालं नव्हतं.

मुलांचं सोडा, ती निदान स्वतःच्या हातांनी उकरत होती. त्यांचे आईवडील ऑफिसात बसून उकरत होते. 'उगवलं का?' असा मेसेज दर तासाला कोणाचा ना कोणाचा येई. मी 'नाही' कळवलं की खाली लगेच दुसरा प्रश्न : 'बाकीच्यांचं?' बाकीच्यांचंही नाही म्हटलं की हसरा चेहरा येई. आपलं न उगवल्याचं दुःख फारसं नव्हतं. शेजारच्याचं उगवलं की काय, या काळजीने लोकांना जेवण जात नव्हतं. मूग दुसऱ्या दिवशीच वर आला, तर त्या संध्याकाळी इन्स्पेक्टरच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, मामींनी क्लास लावलाय का कुठे?"

मूग असा चटकन वर आल्याने पाणीखात्यात फूट पडली. धने आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाहीत, हे धनेवाल्याला कोण सांगणार? त्याला एवढंच दिसत होतं की भावाचं आलं आणि आपलं आलं नाही. त्याने उपाय म्हणून पाणी वाढवलं. भावाने स्पर्धेत मागे राहायला नको म्हणून तोही वाढवू लागला. त्याच दिवसांत मुसळधार पाऊस होऊन किंग्ज सर्कलला, गांधी मार्केटसमोर, रिवाजाप्रमाणे पाणी तुंबलं आणि शाळा लवकर सुटली. गुडघाभर पाण्यातून नातीला कडेवर घेऊन येताना तिने विचारलं, "एवढं पाणी कोणी घातलं?" मी काही बोललो नाही. घरी आल्यावर तिने जुळ्यांना कडक शब्दांत समज दिली.

पाण्याला जोडून दुसरं प्रकरण उभं राहिलं. मागच्या बाजूला फरशी नवीन बसवलेली. तिच्यावर मातीचे डाग नकोत म्हणून प्रत्येक कुंडीखाली थाळी ठेवावी, असं सेक्रेटरींनी फर्मान काढलं होतं. पाणीखात्याच्या कृपेने त्या थाळ्या कायम काठोकाठ. एका सकाळी पाचही मुलं एका थाळीभोवती उकिडवी बसलेली दिसली. कुजबुज चालली होती. इतकी शांत मी त्यांना कधीच पाहिली नव्हती.

"आजोबा, हळू या. मासे आहेत."

मी वाकलो. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांएवढे बारीक जीव डोकं खाली, शेपटी वर करून लटकले होते. माझी सावली पडताच सगळे आकडी आल्यागत वळवळत तळाशी गेले आणि थोड्या वेळाने एकेक करून वर आले. मुलांनी त्यांना रोज पोळीचा चुरा घातला होता. बी जगवता आलं नाही, पण हे कुटुंब मात्र नीट वाढत होतं.

नेमका त्याच दिवशी महापालिकेचा डास तपासणीवाला माणूस हातात टॉर्च घेऊन आला. त्याने थाळीत एक नजर टाकली आणि म्हणाला, "एडिस. डेंग्यूचा डास. दिवसा चावतो." मग फार सौजन्याने त्याने मला समजावलं की अंड्यातून निघून डास व्हायला याला आठवडा पुरतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या थाळ्या पालथ्या घालून कोरड्या करायच्या, नाही केल्या तर पुढच्या वेळी नोटीस निघेल. आणि त्याने थाळी पालथी केली. पाच मुलांनी एकदम जो हंबरडा फोडला, तो ऐकून समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. "माझा सगळ्यात छोटा मासा होता त्यात!" धनेवाला जुळा धाय मोकलून सांगत होता. तो माणूस इतका ओशाळला, की जाताना त्याने खिशातलं चॉकलेट काढून दिलं. पाचांत एक. टोपीचीच कथा पुन्हा घडली.

दरम्यान मुंग्या आल्या. मामी रोज सकाळी दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात. "हे कशाला?" असं वकिलाने विचारलं. "मुंग्यांना, चिमण्यांना खायला मिळावं म्हणून," मामी म्हणाल्या. झाडालाही भूक लागते हे नातीला शाळेत नुकतंच शिकवलेलं. तिने कोलम हातांनी गोळा केलं आणि पाचही कुंड्यांना समान वाटलं. दुपारी पहिल्या मजल्यापासून नळापर्यंत मुंग्यांची वारी लागली होती.

मुंग्यांपाठोपाठ कबुतरं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हापासून तिथल्या विस्थापितांनी आमच्या पत्र्यावर बिऱ्हाडं थाटली आहेत. पेरलेलं बी हे आपल्यासाठीच मांडलेलं आहे, अशी त्यांची श्रद्धा. मी बुजगावणं करायचं ठरवलं. काठ्या जोडल्या, मडकं लावलं, आणि अंगात माझा निवृत्तीच्या समारंभातला सफारी घातला. दुसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या दोन्ही खांद्यांवर कबुतरं होती. वॉचमन मात्र येताजाता त्याला सलाम करायचा. मला त्याने कधी केल्याचं आठवत नाही.

मध्येच एका रविवारी सोसायटीचा अधिकृत वनमहोत्सवही पार पडला. चेअरमनसाहेबांच्या हस्ते कंपाउंडमध्ये बकुळीचं रोप लावायचं होतं. खड्ड्याचा प्रश्न नव्हता. कंत्राटदाराकडे तयार मालाचा साठा होता. फोटो झाले, टाळ्या झाल्या, आणि सगळे चहाकडे वळताच इन्स्पेक्टरने रोप उपटून मुळं तपासली. चेअरमनसाहेब परत आले तेव्हा तो चष्मा सावरत म्हणाला, "पिशवीतच लावलंय." आणि खरंच, काळी प्लास्टिकची पिशवी काढायची राहून गेली होती. चेअरमनसाहेबांनी मुलाचं कौतुक केलं, पण त्यात प्रेम नव्हतं.

अखेर प्रदर्शनाची पूर्वसंध्या आली. मी कुंड्यांची पाहणी केली आणि बँकेत बुडीत खात्यांची यादी करायचो तशी यादी केली. राजमा : मूळ तुटल्याने मयत. अवोकाडो : बाजारातून आणला त्या दिवसाइतकाच टणक व निर्विकार. मूग : आला होता, पण मोड आलेल्या मुगाचं घरात जे करतात तेच मूगवाल्या जुळ्याने केलं, मीठ लावून नाश्त्याला खाल्ला. धने : पाण्याखाली. मेथी : उगवली होती, चांगली बोटभर आली होती, पण कंत्राटदाराने त्याच कुंडीत पायाचं काम पुन्हा सुरू केलं. एकूण वसुली शून्य.

मुलांना याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा हंगाम उत्तम गेला होता : खड्डे झाले, मासे झाले, मुंग्या झाल्या, आजोबांचा सफारी चिखलात गेला. हवालदिल झाले होते ते मोठे. रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, काहीतरी करा."

"पालकांनी मदत करायची नाही असं लिहिलंय."

"बाबा, ते बाकीच्यांसाठी असतं."

पहाटे माटुंगा मार्केटात गेलो. मोगऱ्याच्या गजऱ्यांचे ढीग लागत होते, केळीची पानं मोजून गुंडाळली जात होती, भाजीवाल्यांचं तमिळ, गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात चाललं होतं. मला हवी होती ती समुद्र मेथी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही किनाऱ्यालगतच्या वाळूत वाढवलेली कोवळी, बोटभर मेथी. दोन इवली पानं, दोऱ्यासारखा पांढरा देठ, आणि मुळं शाबूत, वाळूसकट. चिमुकल्या जुड्या बांधून विकतात. थोडक्यात, देवाने बालवर्गाच्या प्रदर्शनासाठीच ती घडवली आहे.

जुडी घेऊन वळलो, तर शेवग्याच्या शेंगांआड भाई.

"काय भाई, इकडे?"

"भाजीला. तुम्ही?"

"भाजीलाच."

दोघांच्याही हातात एक-एक जुडी. एवढ्या भाजीत एका माणसाचा एक घास होत नाही. तेवढ्यात केळीच्या पानांपाशी पळायचे बूट घातलेली इन्स्पेक्टरची आई दिसली. तिने आम्हाला पाहून हात पाठीमागे नेला. नारळवाल्याजवळ मामी उभ्या होत्या. मामी सत्यवचनी बाई. त्यांच्या पिशवीतून दोन जुड्या डोकावत होत्या.

भाजीवाला म्हणाला, "आज सगळ्यांना समुद्र मेथीच पाहिजे. शाळेत आहे ना काहीतरी?"

कोणीच काही बोललं नाही. नळापाशी येऊन आम्ही एकमेकांकडे पाठी करून कामं उरकली. शेतीकर्जाच्या दिवसांत मी कागदावर उभी राहिलेली पिकं पुष्कळ पाहिली होती, पण ती उभी करणारा अधिकारी इतक्या पहाटे स्वतः कधी राबला नव्हता.

आठ वाजता मुलं खाली आली. पाचही कुंड्या हिरव्यागार. जुळे नाचले. कंत्राटदाराने खुरपं उचललं, ते मी वेळीच काढून घेतलं. वकील आपल्या कुंडीसमोर उभी राहिली.

"आजोबा, मी राजमा लावला होता ना?"

"हो."

"मग राजमाला मेथी आली?"

"येते कधी कधी."

"मग मेथी लावली तर राजमा येतो?"

भाई खोकले. तेवढ्यात इन्स्पेक्टरने अवोकाडोच्या कुंडीतलं पीक मुळासकट वर काढलं, उलटं केलं, चष्म्यापाशी नेलं. गडबडीत त्याच्या आईकडून जुडी सोडायची राहिली होती. "दोरा," तो म्हणाला. मग तो बाकीच्या चार कुंड्यांकडे वळला. सगळ्या कुंड्यांत एकाच रंगाचा दोरा मिळाला, पांढरा. मामींच्यासुद्धा.

शाळेचा हॉल खच्चून भरला होता. आमची मेथी तिथे परकी वाटली नाही. रांगेत डाव्या-उजव्या बाजूला तिची भावंडंच होती. एका टेबलावर टोमॅटोचं झाड होतं, लाल टोमॅटोंसकट. महिन्याभरात टोमॅटो पिकवणाऱ्या त्या बालकाचं बोट अजून तोंडात होतं. एका जास्वंदीला नर्सरीची किंमत लटकत होती. एका वडिलांनी बोन्साय आणलं होतं, वयाने त्यांच्याएवढं.

बाईंनी प्रत्येक मुलाला प्रेमाने विचारलं, "तू स्वतः लावलंस?" चार वर्षांच्या माणसाला खोटं बोलायचं सुचत नाही. "नाही, आजोबांनी लावलं. आज सकाळी," वकिलाने साक्ष दिली. "शाब्बास!" म्हणत बाईंनी तिच्या कपाळावर चांदणी चिकटवली. पुढच्या मुलाला तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच चांदणी. सगळ्यांना 'उत्कृष्ट बालमाळी' असं प्रमाणपत्रही मिळालं. आमच्या सूनबाईंनी ते त्याच दिवशी फ्रेमला टाकलं. निघताना बाई मला म्हणाल्या, "यंदा मेथी छान आली हं सगळ्यांची. गेल्या वर्षी पुदिना होता."

त्या रात्री आमच्या इमारतीत चार घरांत मेथी शिजली. कोणाचं पिठलं, कोणाचे ठेपले, मामींकडे सांबार. चारही घरांत दाताखाली वाळू आली आणि चारही घरांत ती मुकाट्याने गिळली गेली. जेवणानंतर शतपावलीला खाली उतरलो, तर मोठी मंडळी नळापाशी जमलेली. बाईंनी पुढच्या वर्षीचा विषय आत्ताच कळवला होता : फळझाड. भाईंचा चेहरा गंभीर होता.

"साहेब, फळं लागलेलं झाड एका दिवसापुरतं भाड्याने मिळतं काय हो?"

"भाड्याने कशाला?" मामी म्हणाल्या. "नर्सरीतून साधं रोप घ्या, मार्केटातून मोसंबी घ्या. फांदीला बांधता येतात. दोरा मात्र हिरवा घ्या."